काम मिळालं, आता ते नीट पार कसं पाडायचं? (प्रपोजल ते प्रोजेक्ट)

रानजाई

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, शेवटी धागा काढलाच.

मी सॉफ्टवेअर सेवांच्या क्षेत्रात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. नवीन काम मिळालं की सगळीकडे आनंदीआनंद असतो. अभिनंदनाचे मेल फिरतात आणि प्रपोजल (काम मिळावं म्हणून क्लायंटला दिलेला प्रस्ताव) लिहिणारी टीम दुसऱ्याच दिवशी पुढच्या बिडला, म्हणजे बोलीला, जुंपली जाते. आमच्या हातात पडते एक जाडजूड पीडीएफ, किमतीची एक्सेल शीट आणि किकऑफची, म्हणजे काम सुरू करण्याच्या पहिल्या बैठकीची, तारीख. हँडओव्हर (काम आमच्याकडे सोपवणं) म्हणजे तासाभराची मीटिंग, आणि तीतही क्लायंटला दाखवलेलंच प्रेझेंटेशन पुन्हा दाखवतात.

माझ्या मते प्रोजेक्ट बिघडायला सुरुवात होते ती इथेच. प्रपोजल समोरच्याला पटावं म्हणून लिहिलेलं असतं. त्यातल्या वाक्यावाक्यामागे काहीतरी धरून चाललेलं असतं, कोणीतरी फोनवर काहीतरी कबूल केलेलं असतं, आणि ते पीडीएफमध्ये कुठेच नसतं. काम मिळाल्यापासून किकऑफपर्यंतच्या थोड्या दिवसांत हे सगळं बाहेर काढलं नाही, तर पुढे महिनोन्महिने तेच निस्तरत बसावं लागतं.

तुमच्याकडे हा मधला काळ कसा वापरतात? कोण काय करतं? फक्त आयटीवाल्यांनीच नव्हे, बांधकाम, कन्सल्टिंग, यंत्रसामग्री, सगळ्यांनी लिहा. आणि सेल्सवाल्यांनी तर नक्की लिहा.

टाचणी

फार जिव्हाळ्याचा विषय. सवडीने सविस्तर लिहिते, तोवर ही हजेरी.

हिशेबनीस

पीडीएफ बाजूला ठेवा, आधी किमतीची शीट उघडा. किती माणसं, किती दिवस आणि कुठल्या अनुभवाची धरली आहेत ते तिथेच कळतं.

मी फायनान्समध्ये आहे, त्यामुळे शेवटच्या फेरीत काय होतं ते जवळून बघतो. डिलिव्हरीच्या, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या, लोकांनी अंदाज दिलेला असतो, त्यावर किंमत लावलेली असते. मग वाटाघाटी होतात, क्लायंट किंमत खाली आणायला सांगतो आणि एका रात्रीत शीटमधले आकडे बदलतात. टेस्टिंगचे दिवस कमी होतात, अनुभवी माणसाच्या जागी नवखा येतो. स्कोप, म्हणजे कामाची व्याप्ती, मात्र होता तसाच राहतो. कात्री कुठल्या ओळीला लागली हे प्रोजेक्ट मॅनेजरला कोणी सांगत नाही, त्याच्यापर्यंत फक्त शेवटची शीट येते. म्हणून वाटाघाटीआधीची आणि नंतरची, अशा दोन्ही शीट्स मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. जिथे फरक दिसेल तिथेच पुढे ओढाताण होणार आहे.

दुसरं, पैसे कशावर मिळणार ते बघा. ‘डिझाइनला मंजुरी मिळाल्यावर २० टक्के’ असं लिहिलेलं असतं, पण मंजुरी किती दिवसांत द्यायची ते लिहिलेलं नसतं. तुमची माणसं तोवर बसून असतात आणि पगार चालू असतात. ठरावीक दिवसांत लेखी हरकत आली नाही तर मंजूर समजावं, हे कलम सही होण्याआधीच घालून घ्या.

गवंडी

हिशेबनीस, +१.

बांधकामात आमच्याकडे बिल ऑफ क्वांटिटीज (काम आणि मालाच्या मोजमापांची यादी) असतं, त्यामुळे किती घनमीटर काँक्रीट आणि किती टन सळई यावर त्या मानाने वाद कमी. वाद होतात ते टेंडरच्या कागदांचा एकमेकांशी मेळ नसतो म्हणून. ड्रॉइंगमध्ये एक, स्पेसिफिकेशनमध्ये दुसरंच. अशा वेळी कुठला कागद वरचढ धरायचा याचा क्रम करारात दिलेला असतो. तो साइट इंजिनिअरच्या टेबलासमोर चिकटवलेला असला पाहिजे.

आणि प्री-बिड मीटिंगची प्रश्नोत्तरं! टेंडर भरण्याआधी कोणीतरी शंका विचारलेली असते, त्याचं लेखी उत्तर परिशिष्ट म्हणून सगळ्यांना आलेलं असतं, बहुतेक वेळा ते कराराचा भागही असतं. पण साइटवर काम करणाऱ्याने ते पाहिलेलंच नसतं.

अजून एक. लेटर ऑफ इंटेंट (काम देण्याचा इरादा कळवणारं पत्र) आलं म्हणजे करार झाला असं धरून यंत्रं आणि माणसं हलवू नका. किती रकमेपर्यंतचं काम सुरू करायला परवानगी आहे ते त्या पत्रात वाचा. लिहिलेलं नसेल तर लेखी विचारा.

अनवट

रानजाई, तुम्ही सेल्सवाल्यांना बोलावलंत म्हणून लिहितो. इथला सूर मला एकतर्फी वाटतोय.

बिडची मुदत जवळ आलेली असते आणि डिलिव्हरीकडे अंदाज मागितला तर आठवडाभर उत्तर येत नाही. येतं तेव्हा त्यात प्रत्येक पायरीवर बफर, म्हणजे जोखमीसाठी धरलेली वाढ, असतो. काम करणारा आपला घालतो, त्याचा लीड वर थोडा घालतो, मॅनेजर त्यावर आणखी. ती बेरीज तशीच पाठवली तर काम दुसऱ्याला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको. मग आम्ही कापतो, आणि कुठला बफर खरा नि कुठला सवयीचा हे आम्हाला ठाऊक नसल्याने अंदाजाने कापतो.

आणि आम्ही काही लपवून ठेवत नाही. क्लायंटशी झालेली बोलणी डोक्यात असतात, ती लिहून काढायला वेळ मिळत नाही. आमचं टार्गेट ऑर्डरवर असतं, प्रोजेक्ट कसा संपला यावर नसतं. ही रचना कंपनीने केलेली आहे. ती बदला, मग हँडओव्हर आपोआप सुधारेल.

मोरपीस

अनवट, शेवटचा मुद्दा शंभर टक्के पटला. आम्ही एके ठिकाणी सेल्सच्या इन्सेन्टिव्हचा काही भाग पहिल्या माइलस्टोनची (ठरलेल्या टप्प्याची) मंजुरी मिळेपर्यंत राखून ठेवायला सुरुवात केली. आधी बरीच कुरबुर झाली. पण नंतर सेल्सची माणसं किकऑफनंतरही फोन उचलायला लागली, आणि क्लायंटच्या जुन्या ओळखीचा उपयोग अडलेल्या मंजुऱ्या सोडवायला होऊ लागला.

रानजाई

@अनवट, मनापासून धन्यवाद. बफरचा मुद्दा आमच्या बाजूने खरा आहे. अंदाज देताना खरं काम वेगळं आणि जोखमीसाठी धरलेलं वेगळं, अशा दोन ओळी दिल्या तर तुम्हाला कापताना निदान काय कापतोय ते कळेल. मात्र ‘आपोआप सुधारेल’ हे पटत नाही. इन्सेन्टिव्ह बदलला तरी डोक्यातलं कागदावर कोणीतरी बसून आणावंच लागेल.

साधासरळ

मी टेबलाच्या पलीकडचा, म्हणजे प्रपोजल मागवणारा आणि निवडणारा. आमच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

पहिली, माणसं. प्रेझेंटेशनला जे तज्ज्ञ येतात, ज्यांचे बायोडेटा प्रपोजलला जोडलेले असतात, ते किकऑफला दिसत नाहीत. आम्ही गुण त्यांना बघून दिलेले असतात. आता आम्ही करारातच घालतो की प्रमुख व्यक्ती बदलायची असेल तर तितक्याच अनुभवाची व्यक्ती द्यावी आणि आमची संमती घ्यावी. व्हेंडरने एवढं तरी करावं, की काम मिळण्याची चिन्हं दिसू लागताच ती माणसं मोकळी आहेत का ते तपासावं.

दुसरी जास्त महत्त्वाची आहे. काम मिळाल्यावर आम्हाला एक प्रश्न विचारा: तुम्ही आम्हाला का निवडलंत? हा प्रश्न फारच थोडे विचारतात. एका कामात आम्ही एका व्हेंडरला निवडलं ते जुना डेटा नव्या प्रणालीत आणण्याची त्यांची पद्धत आवडली म्हणून. तीन तालमी, प्रत्येक तालमीनंतर आकड्यांचा मेळ, मगच प्रत्यक्ष स्थलांतर, असं त्यांनी लिहिलं होतं. आमच्या निवड समितीत चर्चा झाली ती त्या दोन पानांवरच. काम सुरू झाल्यावर त्यांच्या प्लॅनमध्ये डेटा स्थलांतर ही एकच ओळ होती, शेवटच्या महिन्यात. काम करणाऱ्या टीमला माहीतच नव्हतं की त्यांच्या कंपनीला काम मिळालं ते या एका ओळीमुळे. विश्वासाला तडा गेला तो तिथे.

टाचणी

साधासरळ, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे.

पानगळ

या सगळ्याला अभ्यासाची बाजूही आहे, थोडी मांडतो.

१९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन पेट्रोलियम इंजिनिअरांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांवर एक शोधनिबंध लिहिला. एकाच क्षेत्रात किती तेल असेल याचा अंदाज प्रत्येक कंपनी आपापल्या परीने करते. काही अंदाज खाली जातात, काही वर. आणि लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात वर गेला तो. म्हणजे जिंकणाऱ्याने खऱ्या किमतीपेक्षा जास्त मोजलेलं असण्याची शक्यताच मोठी. ‘विनर्स कर्स’ या नावाने हे ओळखलं जातं. सगळ्यात कमी बोलीच्या टेंडरला हेच उलटं लागू होतं. खर्चाचा ज्याचा अंदाज सगळ्यात खाली घसरला त्याला काम मिळतं. म्हणून किमतीवर काम मिळालं असेल तर पहिला विचार हा करावा, की इतरांनी धरलेलं आपण काय धरलं नाही?

दुसरं, काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ मांडली. माणूस आपल्या कामाचा अंदाज आतून करतो, म्हणजे पायऱ्या मोजतो आणि सगळं सुरळीत होईल असं धरतो. तशाच आधीच्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला हे बघत नाही. तेव्हा प्लॅन नक्की करण्याआधी कंपनीतले जुने तीन-चार सारखे प्रोजेक्ट काढा आणि त्यांचे मूळ अंदाज व प्रत्यक्ष आकडे समोर ठेवा. नवा अंदाज त्या सगळ्यांपेक्षा खाली असेल तर का, याचं उत्तर देता आलं पाहिजे.

ठळक उदाहरण सिडनी ऑपेरा हाउसचं. १९५७ मध्ये वास्तुविशारद यॉर्न उट्झनचं डिझाइन स्पर्धेत निवडलं गेलं. छताच्या शिंपल्या बांधायच्या कशा हे ठरलेलं नसताना १९५९ मध्ये पायथ्याचं काम सुरू झालं. नंतर छताचं वजन स्पष्ट झालं तेव्हा आधारासाठी उभारलेले खांब पुरेसे मजबूत नव्हते, ते पुन्हा बांधावे लागले. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला आणि १९६३ ला व्हायची इमारत १९७३ मध्ये खुली झाली. उट्झन १९६६ मध्येच बाहेर पडला होता.

अनवट

पानगळ, पण आज जगात कोणी त्या इमारतीला फसलेला प्रोजेक्ट म्हणेल का? २००७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सगळं ठरेपर्यंत थांबले असते तर कदाचित ती झालीच नसती.

गवंडी

वास्तू म्हणून तिला माझाही नमस्कार. पण अनवट, चौदापट खर्च सोसणारं सरकार पाठीशी होतं म्हणून ती पूर्ण झाली. आपल्यापैकी कुठल्या कंपनीला तो सोसवेल?

उलट बाजूचं उदाहरण देतो. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी बांधलेला क्रिस्टल पॅलेस. कल्पना जोसेफ पॅक्स्टनची, पण निविदा भरली फॉक्स, हेंडरसन या कंत्राटदारांनी, आणि बांधकामाची तपशीलवार ड्रॉइंग्ज चार्ल्स फॉक्सने स्वतः काढली. म्हणजे किंमत लावणारा आणि बांधणारा एकच. सगळी रचना सारख्याच मापाच्या लोखंडी आणि काचेच्या सुट्या भागांची, त्यामुळे भाग किती लागणार हे आधीच मोजता येत होतं. १८५० च्या सप्टेंबरअखेर पहिला खांब उभा राहिला आणि १ मे १८५१ ला उद्घाटन झालं.

मोरपीस

वा गवंडी! यावर वेगळा धागा काढा की.

रानजाई

दोन्ही उदाहरणं आवडली, पण मंडळी, आपण एकोणिसाव्या शतकात पोहोचलो :) टाचणी, तुमचं सविस्तर राहिलंय.

टाचणी

आले. सवड मिळाली.

आम्ही जी पद्धत वापरतो ती सांगते. काम मिळालं की प्रपोजलचं वाचन ठेवतो. खरंच वाचन, सारांश नाही. प्रपोजल लिहिणारी व्यक्ती, प्रोजेक्ट मॅनेजर, तांत्रिक लीड आणि फायनान्समधलं कोणीतरी एका खोलीत बसतात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचतात. क्लायंटला काही देण्याचं, करण्याचं, भेटण्याचं, कळवण्याचं वाक्य आलं की थांबायचं आणि ते एका वहीत उतरवायचं. आम्ही तिला शब्दांची वही म्हणतो, कारण आपण दिलेला प्रत्येक शब्द तिच्यात असतो. आता ती शेअर केलेली शीट झालीय, नाव तेच राहिलंय.

मुख्य मजकुरात फार काही सापडत नाही, तो सगळ्यांनी वाचलेला असतो. सापडतं ते मागच्या तक्त्यांमध्ये. एका कामात आवश्यकतांचा अनुपालन तक्ता होता, म्हणजे क्लायंटची कुठली मागणी आपण पूर्ण करतो ते सांगणारा. शेकडो ओळी आणि प्रत्येक ओळीसमोर ‘पूर्ण’, ‘अंशतः’ किंवा ‘नाही’. मुदतीच्या आदल्या रात्री कोणीतरी खालपर्यंत ‘पूर्ण’ ओढत नेलं होतं. त्यात एक ओळ होती: मदतकक्ष २४ तास, आठवड्याचे सातही दिवस उपलब्ध असावा. तिच्यासमोर आमचं उत्तर ‘पूर्ण’. आणि किमतीच्या शीटमध्ये माणसं धरलेली दोनच पाळ्यांची, तीही सुट्टीचे दिवस सोडून. तांत्रिक लीडने ती ओळ वाचली आणि फायनान्सवाल्याने लगेच शीट उघडून दाखवली. प्रपोजल लिहिणारीने सांगितलं की प्री-बिड कॉलवर क्लायंट स्वतःच म्हणाला होता, रात्री फक्त अतितातडीचे फोन घेतले तरी चालेल. ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही त्याच दिवशी क्लायंटला मेल टाकला, कॉलचा संदर्भ दिला आणि रात्रीच्या सेवेची व्याख्या लिहून पाठवली. ‘आमचीही हीच समजूत आहे’ असं उत्तर आलं आणि ते आम्ही कराराला जोडलं.

तीच गोष्ट प्रोजेक्ट सुरू होऊन बरेच महिने गेल्यावर निघाली असती तर? कॉलवरची माणसं तोवर बदललेली असतात.

‘वापरकर्त्यांना योग्य ते प्रशिक्षण दिले जाईल’ अशी वाक्यंही वहीत येतात. कोणाला, किती तुकड्या, कुठे, साहित्य कुठल्या भाषेत, हे प्रश्न तिथेच विचारायचे. लिहिणाऱ्याच्या मनात उत्तर असतं, किंवा नसतं. नसतं हेही त्या दिवशीच कळलेलं बरं.

अनवट

टाचणी, ही पद्धत मला मान्य आहे. अशा वाचनाला बोलावलं तर मी दिवसभर बसेन. आम्हाला कोणी बोलावतच नाही, तक्रार करायलाच फोन येतो. एक शंका मात्र आहे. सापडलेल्या सगळ्या त्रुटी क्लायंटपुढे लगेच मांडायच्या? नुकताच विश्वास टाकलाय त्यांनी. पहिल्याच आठवड्यात ‘हे लिहिलं पण तसं नव्हतं म्हणायचं’ अशी यादी गेली तर ते बिथरतील.

साधासरळ

उलट आहे, अनवट. पहिल्या आठवड्यात आमचंही मन मोकळं असतं. आमच्या वरिष्ठांना हे काम व्हायला हवं असतं, निवड बरोबर होती हे दाखवायचं असतं. तेव्हा आलेला प्रश्न आम्हाला काळजीपूर्वक वाचन वाटतो. तोच चार महिन्यांनी आला की अंग काढून घेणं वाटतं. फक्त प्रश्न आणताना सोबत तुमचा प्रस्तावित तोडगा आणा.

हिशेबनीस

साधासरळशी सहमत, पण क्रम पाळा. ज्या त्रुटींमुळे मार्जिनला धक्का बसतो त्या आधी आपल्या घरात ठरवा, म्हणजे आपण किती सोसणार आणि कुठे पैसे मागणार. तिथे मतभेद असताना क्लायंटसमोर गेलात तर एकाच मीटिंगमध्ये आपलीच दोन माणसं दोन उत्तरं देतात.

नवाकोरा

सगळे प्रतिसाद वाचले, खूप शिकायला मिळालं. आमचा व्यवसाय दोघांचाच आहे, डिझाइनचा. प्रपोजल आम्हीच लिहितो, काम आम्हीच करतो. आम्हाला हँडओव्हरचा प्रश्न नाही, तरी कामं लांबतातच. क्लायंट गोड बोलून थोडं थोडं वाढवत नेतो आणि नाही म्हणवत नाही.

मोरपीस

नवाकोरा, तुमच्याकडे दोन टीम नाहीत, पण शब्द देणं आणि शब्द पाळणं या दोन वेळा वेगळ्या आहेतच. सही झाल्यावर एक पानाचं पत्र पाठवा: काय करणार, काय करणार नाही, किती वेळा बदल करून देणार, आणि तुमच्याकडून आम्हाला काय कधी हवं. शेवटचं विसरू नका. मजकूर आणि फोटो क्लायंटकडून वेळेवर आले नाहीत म्हणून काम लांबलं, तरी बोल तुम्हालाच लागतो.

हिशेबनीस

आणि वाढीव काम फुकट करायचं ठरवलंत तरी चेंज रिक्वेस्टचा, म्हणजे मागितलेल्या बदलाच्या नोंदीचा, कागद करा. त्यात काम काय, किती दिवस लागले, एरवी किंमत काय झाली असती ते लिहा आणि रक्कम शून्य दाखवा. पाच-सहा असे कागद झाले की सातव्या वेळी पैसे मागताना संकोच वाटत नाही, आणि समोरच्यालाही आपण किती घेतलंय ते दिसतं. मोठ्या कंपन्यांनीही हे करावं.

नवाकोरा

शून्य रकमेचा कागद! हे कधी सुचलंच नव्हतं. उद्यापासून सुरू.

रानजाई

धागा काढला तेव्हा वाटलं होतं दहाएक प्रतिसाद येतील. सगळ्यांचे आभार.

आमच्याकडे एक नवं काम नुकतंच मिळालंय, किकऑफची तारीख अजून ठरायचीय. त्यात हे करणार आहे: दोन्ही किंमत शीट्स मागवल्या आहेत. टाचणींसारखं वाचन ठेवतेय, परिशिष्टांपासून उलटं सुरू करून, म्हणजे ताज्या डोक्याने तक्ते वाचले जातील. आणि क्लायंटच्या प्रमुखांना साधासरळांचा प्रश्न विचारणार आहे. सेल्सच्या सहकाऱ्याला वाचनाचं निमंत्रण गेलं, त्याने लगेच होकार दिला!

टाचणी, एकच विचारायचंय. शब्दांच्या वहीत रकाने कोणते ठेवता? आणि प्रोजेक्ट सुरू झाल्यावर ती कोणाकडे असते?

टाचणी

रकाने असे: वाक्य जसंच्या तसं, पान क्रमांक, त्यामागे काय धरलं होतं, किमतीत आहे का, कोणाची जबाबदारी, कधीपर्यंत, आणि क्लायंटने पूर्ण झाल्याचं कशावरून मानायचं. हा शेवटचा रकाना भरायला सगळ्यात वेळ लागतो, तो मोकळा सोडू नका.

वही प्रोजेक्ट मॅनेजरकडे असते. दर स्टीअरिंग कमिटीच्या (प्रोजेक्टवर देखरेख करणाऱ्या समितीच्या) मीटिंगआधी ती चाळायची आणि जे शब्द पाळून झाले त्यांच्यासमोर मंजुरीच्या मेलची तारीख टाकायची. शेवटचं बिल लावताना हिशेबनीसांसारखी माणसं तीच मागतात.

हिशेबनीस

मागतोच :) रानजाई, किकऑफ झालं की इथे कळवा. दोन शीट्समध्ये फरक कुठे निघाला ते वाचायला आवडेल.

रानजाई

नक्की. क्लायंटची गोपनीयता सांभाळून जेवढं लिहिता येईल तेवढं लिहीन.